तीन महिने तिथे करता तरी काय?

परवा पुण्याहून वहिनीचा फोन होता. तब्येती झाल्या, नातवंडं झाली, कोथिंबिरीचा भाव झाला आणि मग दरवर्षीचा प्रश्न आला, "यंदाही जाणार का गं तुम्ही त्या मेक्सिकोला? अगं पण तीन-तीन महिने तिथे करता तरी काय?" वहिनीच्या बोलण्यात खोच नसते, तिला खरंच प्रश्न पडलेला असतो. इथे कॅनडात, कॅल्गरीत दिवाळीच्या फराळाला भेटलेल्या चौघींनी पण हेच विचारलं, एकीने तर तिथे बघण्यासारखं काय काय आहे त्याची यादी मागितली आणि माझ्याकडे यादीच नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. फोनवर हे नीट सांगता येत नाही म्हणून इथे लिहितेय. लांबेल, चहा घेऊन बसा.

आम्ही जातो ते गाव बार्रा दे नाविदाद. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, हालिस्को राज्याच्या पार दक्षिणेला, खाडी ओलांडली की पलीकडे कोलिमा राज्य. बार्रा म्हणजे वाळूचा दांडा आणि नाविदाद म्हणजे नाताळ. १५४० साली २५ डिसेंबरला स्पेनचा व्हाइसरॉय आंतोनियो दे मेंदोसा इथे येऊन पोचला म्हणून हे नाव पडलं. गाव खरोखरच दांड्यावर वसलंय, एका अंगाला समुद्र गाजत असतो, दुसऱ्या अंगाला खाडीचं पाणी एकदम गप्प, आणि मधे थोड्याशा गल्ल्या. समुद्रावरून निघून खाडीवर पोचायला चालत पाच मिनिटं, ती पण वाटेत कोणी भेटलं नाही तर. माझं माहेर गुहागरचं, त्यामुळे पहिल्याच दिवशी मला ते गाव परकं वाटलं नाही. माडांची तीच सळसळ आणि दुपारच्या वेळेला सगळं गाव पेंगतं ते पण तसंच.

पण आम्ही तिथे का जायला लागलो ते आधी सांगते, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

आमच्या लग्नाला ४१ वर्षं झाली. त्यातली २६ वर्षं मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, निम्म्याहून जास्त नाइट शिफ्ट. हे तेल कंपनीत, दोन आठवडे उत्तरेला साइटवर आणि एक आठवडा घरी. घरी असायचे तेव्हा मी दिवसा झोपलेली असायचे. मुलांचं करायला दोघांपैकी एक जण कायम घरात हवा म्हणून आम्ही मुद्दामच असं जमवून घेतलं होतं, तक्रार नाही, त्यातूनच घर झालं आणि मुलं शिकली. पण रिटायर झाल्यावर एकदा मी सहज हिशोब करायला बसले की आम्ही दोघं एका टेबलावर दिवसातली दोन्ही जेवणं एकत्र जेवलोय असे सलग दिवस किती असतील, आणि मला रडूच आलं. खरंच सांगते, रडू आलं.

रिटायरमेंटनंतरचा पहिला हिवाळा आम्ही कॅल्गरीतच काढला. बाहेर उणे पंचवीस, हे खाली बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर, मी वर किचनमध्ये, संध्याकाळी पाचला मिट्ट काळोख. जेवायला हाक मारली की वर यायचे, जेवायचे, परत खाली. भांडण नव्हतं काही, नुसतं असं थंड पडल्यासारखं झालं होतं. त्यात जानेवारीत मी ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. पलीकडच्या गल्लीतल्या एक कॅनेडियन आजी सूप घेऊन भेटायला आल्या होत्या, त्याच म्हणाल्या की आम्ही दोघं पंधरा वर्षं हिवाळ्यात बार्राला जातो, पुढच्या वर्षी चला. इथून हिवाळ्यात मान्सानियोला थेट विमान असतं, पाच तासांच्या आसपास, आणि तिथून टॅक्सीने अर्धा-पाऊण तास. गेलो. त्याला आता सहा वर्षं झाली, मधलं कोविडचं एक वर्ष सोडलं तर दरवर्षी जातोय.

आता करतो काय ते.

सकाळी सहा-साडेसहाला उठायचं, चहा करायचा (चहापत्ती आणि आलं किसायची छोटी किसणी बॅगेत असते), आणि खाडीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचं. तिथून लांचा सुटतात, म्हणजे आपल्याकडच्या तरीसारख्या मोटरच्या होड्या, पलीकडे कोलिमीया नावाच्या वाडीत माणसं नेतात-आणतात. हॉटेलात कामाला जाणाऱ्या बायका, शाळेची पोरं, कोंबड्यांची पेटी, गॅसचा सिलिंडर, सगळं त्यातूनच जातं. आठ वाजता मी पुण्याला आईला फोन लावते. तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसात, तिची देवापुढे दिवाबत्ती झालेली असते, सिरियल लागायला अवकाश असतो. कॅल्गरीत असताना आमचं हे फोनाफोनीचं कधीच जमलं नाही, कायम मी घाईत. बार्रात आई म्हणते "ठेवू का?" आणि मी म्हणते "ठेव कशाला, बोल की." नव्वदीची आहे ती. तिच्या लहानपणच्या किती गोष्टी मला या तीन महिन्यांत पहिल्यांदा कळल्यात.

मग तोर्तियेरिया. म्हणजे टॉर्टियाचं दुकान, प्रत्येक गल्लीत असतं म्हटलं तरी चालेल. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, मग तो दळून त्याचा गोळा, आणि तो गोळा मशीनमध्ये घातला की पट्ट्यावरून भाजत भाजत गोल टॉर्टिया बाहेर येतात. किलोवर विकतात. गावातल्या बायका घरून स्वच्छ फडकं घेऊन येतात, भरतकाम केलेलं, त्यात गरम चळत गुंडाळून नेतात. पहिल्या वर्षी मी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन उभी राहिले तर दुकानातल्या बाईने मान हलवली, आत जाऊन स्वतःचं फडकं आणून दिलं आणि खुणेने सांगितलं की प्लॅस्टिकमध्ये घाम येतो. आपल्या आया भाकरी फडक्यात का ठेवतात तर ह्याचसाठी ना! आणि रांगेत थांबलेल्याला ती पट्ट्यावरची एक टॉर्टिया उचलून, चिमूटभर मीठ भुरभुरून, सुरळी करून हातात देते. पैसे नाहीत त्याचे. मी लहान असताना चुलीपाशी आई भाकरीचा पापुद्रा काढून त्यावर मीठ आणि तेल लावून असंच हातात द्यायची. पासष्टी ओलांडल्यावर कोणीतरी परत आपल्याला असं भरवावं, आणि ते पण ना ओळखीचं ना पाळखीचं माणूस. आता माझ्याकडे पण फडकं आहे, मीच भरलंय, कासव काढलंय त्यावर.

कासवाचं म्हणजे, या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तीच जात आपल्या वेळासला येते. आमच्या गुहागरच्या किनाऱ्याला पण येतात. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

मासे हा ह्यांचा प्रांत. किनाऱ्यावर होड्या लागल्या की सिएरा नावाचा मासा येतो, लांबट, चंदेरी, अंगावर पिवळसर सोनेरी ठिपके. ह्यांनी पहिल्यांदा हातात घेतला आणि म्हणाले "अगं ही तर सुरमई!" आणि अगदी चूक नाही ते, सुरमईच्याच कुळातला आहे, चुलत भाऊ म्हणा. तिथले लोक त्याचं सेविचे करतात, बारीक खिमा करून लिंबाच्या रसात मुरवायचं, वर कांदा, मिरची, कोथिंबीर, किसलेलं गाजर, आणि कडक टॉर्टियावर घालून खायचं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात घरात सुरी हातात धरली नव्हती ते आता एका म्हाताऱ्या कोळ्याकडून मासा साफ करायला शिकलेत. त्याला इंग्लिश येत नाही, ह्यांचं स्पॅनिश आकड्यांपुरतं आणि "बुएनोस दियास"पुरतं, पण दोघं तासभर पेटीवर बसून असतात. मी एकदा लांबून बघत होते, त्याने ह्यांच्या हातावर हात ठेवून सुरीचा कोन बदलला, शेपटीकडून काट्याला चिकटून कसं जायचं ते दाखवलं, आणि ह्यांनी अख्खी तुकडी न फाटता सोडवली तेव्हा दोघं असे हसले की मला वाटलं हा बेसमेंटमधला माणूस नव्हेच. मी त्या तुकड्या हळद-तिखट लावून रव्यात तळते आणि चार त्या कोळ्याकडे पाठवते. तो म्हणाला मसाला छान आहे पण लिंबू कमी. तिथे लिंबू कशालाच पुरेसं नसतं.

तिथली एक पद्धत मला मनापासून आवडते. तुम्ही खानावळीत जेवत असाल आणि शेजारून अनोळखी माणूस जरी गेला तरी "प्रोवेचो" म्हणून जातो. म्हणजे अंगी लागो, आपल्याकडे पंगतीत म्हणायचे ना "सावकाश होऊ द्या", तसंच. आपल्याकडे ते आता ऐकूच येत नाही, लग्नाच्या बुफेत ताट घेऊन उभ्याने खाणाऱ्याला कोण म्हणणार सावकाश होऊ द्या.

आणि खाऊ! पहिल्याच आठवड्यात समुद्रावर एक मुलगा टोपलीत काहीतरी विकत होता, बघते तर शेंगदाण्याची चिक्की. पालांकेता म्हणतात. शेजारी दुसरी वडी, ती तोंडात घातल्यावर माझा विश्वास बसेना, राजगिऱ्याची वडी! नाव आलेग्रिया, म्हणजे आनंद. राजगिरा मूळचा तिकडचाच, आझ्टेक लोक त्याच्या मूर्ती करून पूजेत वापरायचे म्हणून स्पॅनिश पाद्र्यांनी तो दडपायला बघितला, आणि तोच राजगिरा आपल्याकडे येऊन एकादशीला बसला. माडीचंही तसंच. खांद्यावर मोठा भोपळा घेऊन तुबावाला फिरतो, तुबा म्हणजे माडाचा रस, ताजा गोड, वर शेंगदाणे आणि सफरचंदाचे तुकडे. याच बार्राहून २१ नोव्हेंबर १५६४ ला लेगास्पी नावाच्या स्पॅनिश सरदाराची जहाजं फिलिपिन्सला निघाली, पुढच्या वर्षी त्याच्याच सोबतच्या उर्दानेताने परत यायची समुद्रवाट शोधली आणि मग अडीचशे वर्षं मनिला ते अकापुल्को जहाजं चालली. त्यातून आलेल्या फिलिपिनो लोकांनी इथे माडी काढायला शिकवलं. खाडीच्या कट्ट्यावर बसून हा ग्लास हातात असला की मला आमच्या वाडीतला माडावर चढणारा भंडारी आठवतो, कमरेला कोयती आणि खांद्याला मडकं.

दुपारी झोप. हो, रोज. संध्याकाळी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दहा मिनिटं बसते मी. तिथला क्रूसावरचा येशू वेगळा आहे, त्याचे दोन्ही हात खांद्यापासून खाली लोंबतायत. १ सप्टेंबर १९७१ ला लिली नावाचं चक्रीवादळ गावावर आलं, माणसं चर्चमध्ये आसऱ्याला जमली, आणि त्या वादळात मूर्तीचे हात क्रूसावरून सुटून खाली आले आणि वारा पडला. गाव म्हणतं त्याने हात खाली करून वादळ अडवलं. हात परत वर बसवले नाहीत, तसेच ठेवलेत. मी काही ख्रिश्चन नाही, पण वादळ काय असतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, मी तिथे हात जोडते.

बघण्यासारखं काय, तर हे. आता मला जे मनातलं बोलायचंय ते बोलते.

आपल्या लोकांना नुसतं राहणं हे काम वाटतच नाही. फिरायला गेलं तर काहीतरी "कव्हर" झालं पाहिजे. आम्ही पण केलंय ते, अकरा दिवसांत सात देश, पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर, आणि आज मला त्यातलं काय आठवतं तर बसची खिडकी आणि स्वच्छ टॉयलेट कुठे मिळेल ही काळजी. आणि रिटायर झाल्यावर दोनच गोष्टी शोभतात असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय, एक तर नातवंडं सांभाळा नाहीतर तीर्थयात्रा करा. नातवंडं माझा जीव आहेत, बाकीचे नऊ महिने मी त्यांच्यासाठी हाकेसरशी उभी असते. पण दोन म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांसोबत निवांत बसायला वेळ काढला तर त्याचं कारण का द्यावं लागतं? मला एका मैत्रिणीने तोंडावर विचारलं, "सून काही बोलत नाही का गं?" मला फार लागलं ते. सूनच एअरपोर्टला सोडायला येते आम्हाला.

पैशाचं पण बोलते, कारण "तुमचं बाई बरं आहे" हे पण ऐकलंय. आम्ही रिसॉर्टमध्ये राहत नाही. एका स्थानिक कुटुंबाच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर आणि गच्ची, महिना साधारण तेराशे कॅनेडियन डॉलर. गाडी नाही, सगळं पायी. प्यायच्या पाण्याचा २० लिटरचा गर्राफोन दारात येतो, भाजी आठवडी बाजारात, त्याला तियांगीस म्हणतात. कॅल्गरीतला हिवाळ्याचा खर्च आणि तिथला खर्च फार लांब नाहीत. जागा विकत घेऊन टाका असंही सुचवतात लोक. किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला थेट स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नाही, बँकेच्या ट्रस्टमधून घ्यावी लागते, आणि खरं सांगायचं तर आम्हाला घ्यायची पण नाही. आमच्यासारखे हिवाळी पाहुणे वाढले की भाडी वाढतात. आमच्या घरमालकिणीचा धाकटा मुलगा लग्नानंतर गावात खोली परवडत नाही म्हणून आत डोंगराकडच्या गावात राहायला गेला, रोज मोटरसायकलने कामाला येतो. हे तिने मला रागाने नाही सांगितलं, पण मला ते ऐकून रात्री झोप लागली नाही. म्हणून आम्ही काय करू शकतो तर भाडं गावच्याच माणसाला देतो, किमतीची घासाघीस करत नाही, आणि मोडकं का होईना स्पॅनिश बोलतो. त्यांच्या गावात जाऊन त्यांनाच इंग्लिश येत नाही म्हणून वैतागणारी माणसं बघितली की माझं डोकं फिरतं.

आणि एक गोष्ट जाणाऱ्या प्रत्येकाने वाचा, आम्ही ती फार महाग शिकलो. ट्रॅव्हल इन्शुरन्स. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांनी माझी बीपीची गोळी कमी केली. कमी, वाढवली नाही. मला वाटलं चांगलीच बातमी आहे, सांगायचं काय त्यात. फेब्रुवारीत एका रात्री छातीत दाब यायला लागला, घाम फुटला, घरमालकाने स्वतःच्या गाडीतून मान्सानियोला हॉस्पिटलात नेलं, एक रात्र ठेवलं, सगळ्या टेस्ट केल्या, सुदैवाने हार्टचं काही निघालं नाही. डॉक्टर आणि नर्सेसनी फार प्रेमाने केलं. पण इन्शुरन्सवाल्यांनी क्लेम नाकारला, कारण पॉलिसीत लिहिलं होतं की निघायच्या आधी ९० दिवस औषधात कसलाही बदल नको, आणि डोस कमी झाला हा पण बदलच. सगळं बिल आम्ही भरलं. ती बारीक अक्षरं बसून वाचा, न कळलं तर फोन करून विचारा आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या. आता आम्ही सप्टेंबरमध्येच डॉक्टरांकडे जाऊन येतो, औषधात काय बदलायचं ते तेव्हाच बदला म्हणून सांगतो. कॅल्गरीतल्या घराचं पण तसंच, पाणी मेनमधून बंद करतो आणि शेजारचा पंजाबी मुलगा दर दोन दिवसांनी आत चक्कर मारून वहीत तारीख लिहितो, नाहीतर पाइप फुटला तर घराचा इन्शुरन्स पण हात वर करतो.

त्या रात्रीनंतर मुलगा म्हणाला आई आता पुरे, इथेच थांबा. मी विचार केला बराच. पण मला आठवत होतं ते हॉस्पिटलातून परत आल्यावरचं. गल्लीतल्या बायकांनी दारात कोंबडीचं सूप, पपई, कोणी मेणबत्ती आणून ठेवली होती. तोर्तियेरियावाली दुपारी दुकान बंद करून आली आणि काही न बोलता माझे पाय चेपत बसली. मी तिचा नुसता हात धरून ठेवला, मला शब्दच येत नव्हते, ना स्पॅनिशमध्ये ना मराठीत.

त्याच वर्षी ६ जानेवारीला घरमालकिणीकडे रोस्का कापला होता, तीन राजांच्या सणाचा गोल पाव, त्यात बाळ येशूची इवलीशी बाहुली दडवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले खाऊ घालायचे असा नियम. ह्यांच्या तुकड्यात निघाली. मग काय, घरमालकीण, तिची जाऊ आणि मी, तिघींनी मिळून दिवसभर तामाले केले, मक्याच्या पानात पीठ आणि सारण भरून वाफवायचे, हात आपोआप पातोळ्यांसारखे चालत होते. मी थोडे नारळ-गुळाचे केले, गूळ तिकडे पण मिळतो, पिलोन्सियो नावाने, शंकूसारख्या ढेपेत. पोरांनी तेच आधी संपवले. आता दरवर्षी माझ्याकडून ते मागतात, बाहुली कोणाच्याही तुकड्यात निघो.

तर वहिनी, हे करतो आम्ही तीन महिने. दोन्ही वेळा एका टेबलावर जेवतो. सूर्य बुडताना समुद्रावर जाऊन उभे राहतो, आणि हे माझं उजवं मनगट धरतात, वाळू उतरती आहे ना तिथे म्हणून.

काल परत बोलणं झालं तिच्याशी. जानेवारीत ती लेकीकडे सिअॅटलला येणारच आहे, आणि अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही हे मी तिला सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "चार दिवस येऊन जाऊ का गं?" म्हटलं चार दिवसांसाठी येऊ नकोस, परतीचं तिकीट तीन आठवड्यांच्या पुढचं काढ, वरची खोली मी घरमालकिणीला सांगून ठेवते. गोडा मसाला सीलबंद आण, आणि तुझ्याकडचं एक जुनं भरतकामाचं फडकं आण.